पायांची रात्रपाळी

अकरा वर्षं मी चुकीचं क्रियापद वापरत होते. माझा धंदा मुद्रितशोधनाचा. दुसऱ्यांच्या लेखनातला चुकीचा शब्द हेरायचा, त्याच्याखाली रेघ मारायची आणि समासात बरोबर शब्द लिहायचा. पण डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसलं की माझ्या तोंडून दरवेळी तेच तीन शब्द निघायचे : रात्री पाय दुखतात.

खोटं नव्हतं ते. पाय दुखत होतेच. खांदे दुखत होते, मान दुखत होती, कंबर, कोपरांच्या आतल्या बाजू, गुडघ्यांच्या लवणी, सगळंच दुखत होतं. फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या आजाराचं, निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी अंगावरच्या ठरलेल्या १८ जागा अंगठ्याने दाबून पाहिल्या होत्या. १९९० सालच्या निकषांप्रमाणे त्यातल्या ११ दुखल्या की आजाराला नाव मिळायचं. दाब साधारण ४ किलोचा, म्हणजे दाबणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका. माझ्या १६ दुखल्या. (२०१० साली निकष बदलले आणि या दाबादाबीची गरज उरली नाही. आता शरीराचे १९ भाग, झोप, थकवा, डोक्यातलं धुकं असं सगळं विचारून गुण देतात. माझी परीक्षा मात्र जुन्याच अभ्यासक्रमाने झाली.) १६ जागांनी एकदा साक्ष दिल्यावर पुढचं प्रत्येक 'पाय दुखतात' आपोआप त्याच खात्यात जमा होत गेलं. जिचं सगळं अंग दुखतं तिचे पायही दुखणारच, त्यात नवं ते काय?

रात्री जे व्हायचं ते मात्र दुखणं नव्हतं.

पाठ टेकली, दिवा मालवला, अंग सैल पडलं, की दहाएक मिनिटांत डाव्या पोटरीच्या आत, हाडाला अगदी लागून, काहीतरी जागं व्हायचं. मुंग्या नव्हेत, मुंग्या कातडीजवळ असतात. पेटकाही नव्हे, पेटक्यात पोटरीचा गोळा होतो आणि हाताला दगडासारखा लागतो. हे त्याहून खोल, जिथे नखही पोचणार नाही अशा ठिकाणी. हाडाच्या नळीतून बारीक बुडबुडे वर चढताहेत असं काहीसं. आणि त्याबरोबर एक हुकूम : हलव. नाही हलवलं तर? मी कित्येकदा हट्टाने पाहिलंय. शिंक दाबून धरावी तसं होतं. श्वास अडकतो, जबडा आवळला जातो, आणि अर्ध्या मिनिटाने पाय माझी परवानगी न विचारताच झटकला जातो. झटकला की सुटका, पण जेमतेम पंधरा-वीस सेकंदांची. मग पुन्हा पहिल्यापासून.

मराठीत याला शब्द नाहीत म्हणावं तर तसंही नाही. वळवळ, चुळबूळ, तळमळ, शिवशिव, हुळहुळ आहे. पाय ओढतात, पाय आंबतात, पाय मोडून येतात. शब्दांची रेलचेल आहे, पण त्यातला एकही तपासणीच्या खोलीत उच्चारण्याजोगा वाटत नाही. चुळबूळ वर्गातली पोरं करतात. वळवळ अळ्या करतात. बाहेर वीस माणसं ताटकळत बसलेली असताना पन्नाशीला आलेल्या बाईने 'अहो डॉक्टर, माझे पाय वळवळतात' असं कोणत्या तोंडाने म्हणावं? 'दुखतात' हा सभ्य शब्द. त्याला लगेच गोळी मिळते.

शेवटी झोपविकारांच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले ते निव्वळ झोप येत नाही म्हणून. तोवर सगळ्यांनी मला 'किती दुखतं, शून्य ते दहामध्ये सांगा' असंच विचारलं होतं. या बाईंनी आकडा मागितलाच नाही.

"उठून चाललात की काय होतं?"

"थांबतं."

"किती वेळ?"

"चालतेय तोवर."

"आणि परत आडव्या झालात की?"

"परत सुरू."

"पहाटे पाच-सहानंतर?"

इथे मी अडकले. सकाळ म्हणजे माझ्या अंगाची सगळ्यात वाईट वेळ. उठताना हातापायांत कुणीतरी रात्रभर सिमेंट ओतून ठेवलंय असं वाटतं. पण ते, ते रात्रीचं? "ते नसतं," मी म्हणाले, आणि माझं मलाच नवल वाटलं. अकरा वर्षांत हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"बरं, हे जे दुखणं आहे, ते चाललं की थांबतं?"

"छे, उलट वाढतं."

"मग या दोन गोष्टी आहेत," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

इतकंच. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, म्हणजे अस्वस्थ पायांचा विकार, हे निदान असंच होतं, प्रश्नोत्तरांतून. हलवण्याची अनिवार ओढ, स्वस्थ बसलं-निजलं की ती वाढणं, हालचालीने तात्पुरता आराम पडणं, संध्याकाळी-रात्री जोर होणं आणि या सगळ्याला पेटका वगैरे दुसरं साधं कारण नसणं. यासाठी स्कॅन नाही. रक्ताची तपासणी करतात, पण ती आजार आहे का हे बघायला नव्हे, कशामुळे बळावलाय ते बघायला. निदान सगळं रोग्याच्या जिभेवर. आणि माझी जीभ 'दुखतात'वर अडून बसलेली.

घरी येऊन मी या आजाराची कुळकथा शोधली. शब्दाचा उगम बघितल्याशिवाय चैन पडत नाही, सवयच ती. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याला ज्यांचं नाव आहे त्या थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ साली लॅटिनमध्ये याचं वर्णन करून ठेवलंय : अंथरुणावर पडताच काहींच्या हातापायांत अशी उसळ आणि तळमळ सुरू होते, की एखाद्या छळघरात टाकल्यासारखी त्यांना झोप अशक्य होते. मग जवळजवळ दोनशे वर्षं सामसूम. १८६१ साली विटमाक नावाच्या जर्मन डॉक्टरने त्याला नाव दिलं, अँक्झायटस टिबियारम. मराठीत सांगायचं तर नडग्यांची चिंता! आणि ते हिस्टेरियाच्या पदरात टाकून तो मोकळा झाला. शेवटी स्वीडनचे कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ साली याच्यावर आख्खा प्रबंध लिहिला आणि आजचं नाव रूढ केलं. 'नडग्यांची चिंता' हे नाव टिकलं नाही याचं मला थोडं वाईट वाटतं. रात्री दोन वाजता माझ्या नडग्या खरोखरच माझ्यापेक्षा जास्त काळजीत असतात.

फायब्रोमायल्जिया असलेल्यांमध्ये हे दुखणं बरंच आढळतं. (बघा, पुन्हा 'दुखणं' म्हणाले. भाषेची खोड जाता जात नाही.) २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांपैकी ३३ टक्के लोकांना अस्वस्थ पायांचा त्रास होता. तुलनेला घेतलेल्या इतर माणसांत तो ३.१ टक्के निघाला. तिघांतल्या एकाला. म्हणजे प्रश्न विचारायची रीत असती तर माझी अकरा वर्षं वाचली असती. पण या हिशोबात मी फार रमत नाही, कारण पुढचा हिशोब जास्त गुंतागुंतीचा आहे. या दोघांना नेमक्या उलट गोष्टी हव्या असतात.

फायब्रोमायल्जिया म्हणतो, पडून राहा. पाय म्हणतात, ऊठ. ऊठ म्हटलं म्हणून उठले आणि घरभर पाऊण तास येरझाऱ्या घातल्या, की पायांचं समाधान होतं, पण दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठड्याला लोंबकळावं लागतं. पायांना दाब आवडतो. कुणीतरी पोटऱ्या करकचून आवळाव्यात, अंगावर जड पांघरूण घालावं, घट्ट मोजे चढवावेत. आणि माझ्या कातडीला चादरीचा काठही टोचतो. ज्या हाताने पायांना बरं वाटतं त्याच हाताचे वळ जणू दुसऱ्या दिवशी आतून उमटतात. पोटरी दाबून घेऊ की नको, हा प्रश्न जगातल्या फार थोड्या माणसांना पडत असेल. मला तो रोज रात्री पडतो.

औषधांत तर ही भाऊबंदकी आणखी पेटते. फायब्रोमायल्जियासाठी मला रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन दिलं होतं. मूळचं ते नैराश्यावरचं जुनं औषध. थोड्या मात्रेत वेदना कमी करतं आणि झोपही आणतं, म्हणून या आजारात सर्रास देतात. वेदना थोडी उतरली होती, नाही असं नाही. पण अमिट्रिप्टिलिनसारखी कित्येक नैराश्यरोधकं अस्वस्थ पाय चेतवू शकतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशाला, मला अस्वस्थ पाय आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्यात माझी स्वतःची अक्कल अशी, की झोप येत नाही म्हणून अधूनमधून सर्दीची गोळी घ्यायची, गुंगी आणणारी. त्या जुन्या प्रकारच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्याही पायांच्या वैरीच. डोळ्यांवर झापड आणि पायांत वळवळ, अशा अवस्थेत भिंतीला धरून चालणारी बाई डोळ्यांसमोर आणा. ती मी. आजार वाढत चाललाय अशी माझी समजूत होती. वाढवत होते मीच, आणि तेही भरल्या पेल्याने गिळून.

डॉक्टरबाईंनी माझ्या औषधांची यादी वाचली, पेन उचललं आणि दोन ओळींखाली रेघा मारल्या. अगदी मी प्रुफांवर मारते तशा. अमिट्रिप्टिलिन हळूहळू उतरवत आणलं, सर्दीची गोळी त्याच दिवशी बंद. तीनेक आठवड्यांत रात्रीच्या येरझाऱ्या निम्म्यावर आल्या. आणि खांदे? ते परत पेटले. एका घरात विझवावं तर दुसऱ्या घरातून धूर.

दोघांनाही चालेल असं औषध आहे, नाही असं नाही. प्रिगॅबलिन. अमेरिकेत २००७ साली ते फायब्रोमायल्जियासाठी मंजूर झालेलं पहिलं औषध ठरलं, आणि अस्वस्थ पायांवरही ते आणि त्याचा भाऊ गॅबापेंटिन हल्ली पहिल्या पसंतीत असतात. मला ते सुरू केलं तेव्हा पहिले चार दिवस मी अक्षरशः झोपून काढले आणि त्याबद्दल देवाचे आभार मानले. पाचव्या दिवशी उठून कामाला बसले तर ओळी डोळ्यांसमोरून वाहत होत्या. फायब्रोमायल्जियाचं धुकं डोक्यात आधीच असतं, त्यात हे औषधाचं धुकं मिसळलं. त्या आठवड्यात मी एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची चूक सोडली. आत नव्हे, मुखपृष्ठावर! वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ. हजार प्रती छापून आल्यावर लेखकाने अत्यंत नम्रपणे फोन केला. त्याने आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं. मग मात्रा कमी केली, घ्यायची वेळ झोपण्याआधी दोन तासांवर आणली, घोट्यांना थोडी सूज आणि वजनाचा काटा जरा पुढे एवढ्यावर तह झाला.

आणखी एक औषध मी मागून घेणार होते. प्रामिपेक्सोल. मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाची नक्कल करणारं. पहिल्याच रात्री पाय गप्प करतं म्हणून ज्यांनी घेतलं ते त्याचं कौतुक करताना थकत नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कर्ज काढून घर चालवायचंय का?" या औषधांनी पुष्कळांच्या बाबतीत काही महिन्यांनी-वर्षांनी तक्रार उलट बळावते. रात्री दहाला सुरू होणारी वळवळ संध्याकाळी सहाला, मग दुपारी, पायांतून हातांत. मात्रा वाढवली की थोडे दिवस बरं, मग आणखी वाईट. शिवाय काहींना जुगाराचा नाहीतर खरेदीचा नाद लागतो, तोही औषधामुळे. अमेरिकेतल्या झोपविज्ञानाच्या अकादमीने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ही औषधं नेहमीच्या वापरातून बाजूला काढली आहेत. वीस वर्षं हीच पहिली गोळी होती, हे लक्षात घेतलं तर ती मोठीच घडी मोडली म्हणायची. मी मोह आवरला. जे आधीपासून घेताहेत त्यांनी मात्र हे वाचून गोळी एकदम टाकून देऊ नये. ती सोडवायची तर तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली, पावलापावलाने.

मला खरा हात दिला तो लोखंडाने.

माझं हिमोग्लोबिन १२.८. उत्तम. म्हणून लोहाची चौकशी कधी कुणी केलीच नव्हती. बाईंनी फेरिटिन करायला लावलं, म्हणजे शरीराच्या कोठारात लोह किती शिल्लक आहे ते. आकडा आला १९. रिपोर्टवर त्याच्यापुढे ना चांदणी, ना ठळक अक्षर. प्रयोगशाळेच्या मते ते सामान्य मर्यादेत बसत होतं. पण अस्वस्थ पायांच्या बाबतीत मोजपट्टीच वेगळी आहे : फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोह द्यायचा विचार करतात. डोपामाइन तयार करणाऱ्या यंत्रणेला लोह लागतं, आणि या आजारात रक्तात लोह असलं तरी मेंदूत ते कमी पोचतं असं आढळलंय. घरात पाणी आहे, पण वरच्या मजल्याला दाब नाही, तसं. त्यात डोपामाइनचं दिवसाचं चक्र संध्याकाळनंतर उतरणीला लागतं, म्हणून ही रात्रपाळी. ऐकताना इतकं सरळ वाटलं की मला थोडा रागच आला.

लोहाची गोळी एक दिवसाआड, रिकाम्या पोटी. रोज घेतली तर शरीरच दार लावून घेतं आणि शोषण घटतं, म्हणून आड. पोटाने कुरकुर केली ती केलीच. चमत्कार वगैरे काही नाही झाला, पहिले तीन महिने तर ढिम्म. आठ महिन्यांनी आकडा ६१, वर्षाने ८०. आणि या वर्षात कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, पाय आठवड्यातून दोन-तीन रात्री गैरहजर राहायला लागले. (आपल्या मनाने कुणी लोह सुरू करू नये. ते जास्त झालं तरी घातक, आणि अंगात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असेल तर फेरिटिनचा आकडा खोटाच फुगलेला दिसतो. आधी तपासणी, मग गोळी.)

बाकीच्या रात्री आहेतच.

आमच्या घरात बैठकीच्या खोलीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत १७ पावलं आहेत. दिवा न लावता मला ती पाठ आहेत. पाचव्या पावलाला एक फरशी थोडी हलते, अकराव्याला गारवा लागतो, खिडकीची फट आहे तिथे. फ्रिजच्या डोक्यावर मी शब्दकोड्यांची वही आणि एक बारीक दिवा ठेवलाय. फ्रिजची उंची माझ्या छातीएवढी, उभ्याने लिहायला बरोबर. नुसतं चालण्यापेक्षा चालत-थांबत कोडं सोडवलं की पाय लवकर निवतात. हा माझ्याच मनाचा खेळ असेल असं मला वाटायचं, पण डोकं कशात तरी गुंतलं की ही लक्षणं दबतात, हे डॉक्टरही सांगतात. आडवे सात, उभे बारा. एखादा शब्द अडला की मी पंजांवर उभी राहते, टाचा उचलते, टेकवते. बाहेरून कुणी बघितलं तर वाटेल बाई फ्रिजपुढे व्यायाम करतेय.

लोक सांगतात, मन शांत ठेव, शवासन कर. मीही करून पाहिलं. वर्गातल्या बाई मऊ आवाजात म्हणत होत्या, "आता आपलं लक्ष पायांच्या बोटांकडे न्या... घोट्यांकडे... पोटऱ्यांकडे..." पोटऱ्यांपर्यंत पोचेतो मी सतरंजीवरून उठून दाराशी पोचले होते. पुढे कळलं की संशोधक या आजाराची तीव्रता मोजायला एक चाचणी करतात : संध्याकाळी माणसाला पलंगावर पाय लांब करून बसवायचं आणि एक तास अजिबात हलू नका म्हणायचं. म्हणजे मी पैसे भरून आठवड्यातून तीनदा तीच परीक्षा देत होते! शवासन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. दुखण्याला ते बरंही पडतं. मी ते आता सकाळी करते, पाय झोपलेले असताना.

सकाळचं हे गणित हाती आलं आणि पुष्कळ सोपं झालं. पाय पहाटे पाळी संपवून घरी जातात. त्यानंतरचे दोन-तीन तास, दुखण्याची दिवसपाळी पुरती रुजू व्हायच्या आत, माझी सगळ्यात चांगली झोप असते. मग मी तीच धरून ठेवायची ठरवलं. रात्री साडेदहाला अंथरुणाशी झटापट करण्यापेक्षा एकला निजायचं आणि आठला उठायचं. 'लवकर निजे लवकर उठे' या संस्कारात वाढलेल्या माझ्यासारखीला हे जड गेलं. आठला उठणारी बाई म्हणजे आळशी, हे कुणी बोलून दाखवायची गरजच नसते, आपल्या आतच एक सासू बसलेली असते. पण १९७५ साली टोरांटोच्या हार्वे मोल्डॉफ्स्की यांच्या गटाने काही धडधाकट माणसांची गाढ झोप रात्रीमागून रात्री, पुरती जाग न आणता, आवाजाने मोडून पाहिली होती, आणि थोड्याच दिवसांत त्यांची अंगं फायब्रोमायल्जियासारखी दुखायला लागली. हे वाचल्यावर मी त्या सासूला गप्प केलं. पाय झोप मोडतात, मोडलेली झोप दुखणं वाढवते, दुखणं पुन्हा झोप येऊ देत नाही. यात कुठेतरी पाचर मारायची तर माझ्या हातात असलेली जागा ही एवढीच.

कामाचीही अदलाबदल केली. बसून करायची प्रुफं दुपारपर्यंत. संध्याकाळी सातनंतर मी उंच कपाटाच्या फळीवर कागद ठेवून उभ्याने वाचते. सभा-नाटकाला कडेची खुर्ची मागते, ती नाही मिळाली तर मागच्या भिंतीला टेकून उभी राहते. दुपारनंतर कॉफी बंद. व्यायाम रोज, पण वीस मिनिटं, उजेड असेपर्यंत, आणि बरं वाटतंय म्हणून पंचविसावं मिनिट नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. फायब्रोमायल्जियावरच्या युरोपीय तज्ज्ञांच्या २०१६ सालच्या शिफारशींत ज्या एकाच उपायाला ठाम पाठिंबा मिळालाय तो व्यायाम. वाचून मला हसू आलं होतं, कारण चालायला लावण्यात माझ्या पायांनी कधी कसर ठेवलीच नव्हती. फक्त वेळ चुकीची होती.

नवऱ्याचं सांगायचं राहिलं. त्याला वर्षानुवर्षं वाटत होतं मी झोपेत त्याला लाथा मारते, आणि त्यामागे काही राग असावा. पण हा आजार असलेल्या साधारण ८० टक्के लोकांचे पाय झोप लागल्यावरही ठरावीक अंतराने झटकत राहतात, हे ऐकल्यावर त्याने एका रात्री घड्याळ लावून मोजलं. "साधारण पंचवीस सेकंदांना एक," त्याने सकाळी सांगितलं, जणू क्रिकेटची धावगती. पूर्वी मी कूस बदलली की तो विचारायचा, "काय होतंय?" आणि मी म्हणायचे, "दुखतंय." मग तो पाय चेपायला घ्यायचा आणि मी ओरडायचे. दोघांचाही रात्रीचा अपमान. आता तो डोळे न उघडता एवढंच विचारतो, "दुखतंय की वळवळतंय?" दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी, हात लावायचा नाही. वळवळत असेल तर दोन्ही तळव्यांनी पोटरी घट्ट धरून दोन मिनिटं, नाहीतर, "जा, फ्रिजकडे." कधी मी म्हणते, "दोन्ही." तेव्हा तो उठून बसतो. करण्यासारखं काही नसतं. बसतो.

हे सगळं एका दुपारी मी फोनवर आईला सांगत होते. आई ७८ वर्षांची. लहानपणी ती रात्री मला तिच्या पोटऱ्यांवर उभं करायची, भिंतीला धरून. "जरा पाय दे गं माझ्या पायांवर." मला तो खेळ वाटायचा. तिचे पाय मऊ, मध्येच दगडासारखे, आणि तोल सांभाळत मी पाढे म्हणायचे. सतराचा पाढा मला तिच्या पोटऱ्यांवरच पाठ झालाय. या आजारात आनुवंशिकता मोठी असते असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, म्हणून मी तिला तेच प्रश्न विचारले. उठलीस की थांबतं? परत पडलं की परत येतं? सकाळी नसतं?

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"म्हणजे," आई म्हणाली, "ते सगळ्यांना नसतं?"

आठवड्याभरात तिचं फेरिटिन केलं. २४. तिच्याही डॉक्टरांनी एक दिवसाआड गोळी सुरू केली, आणि आता आजचा दिवस गोळीचा की सुट्टीचा हे तिच्या लक्षात राहत नाही म्हणून मी रोज फोन करते. परवा गोळीचं झाल्यावर तिने विचारलं, "आणि तुझं ते दुसरं कसं आहे? अंग दुखायचं?"

"आहे ते आहे."

"ते मात्र माझ्याकडचं नाही हां," आई घाईघाईने म्हणाली. "ते तू कुठून आणलंस कोण जाणे."